पेढे वाटून झाले, आता पुढचे बघू या

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो. गळीत हंगाम आटोपलेला असतो, काट्यावरची गर्दी ओसरलेली असते आणि आडसाली लागणीला बेणे कुणाच्या प्लॉटातले घ्यावे याची बोलणी बांधाबांधावर सुरू झालेली असतात. अशात निकाल येतो. गावोगाव पेढे वाटले जातात, चौकात फलक लागतात आणि कारखान्याच्या वतीनेही सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. या सत्काराला आमचा विरोध नाही. रात्रीच्या लाईटला मोटर चालू करून, उसाला पाणी पाजत ज्या पोराने अभ्यास केला त्याची पाठ थोपटलीच पाहिजे. परंतु सत्कार पहिल्या पाच-दहा जणांचा होतो आणि 'पुढे काय?' हा प्रश्न बाकीच्या सगळ्यांपुढे उभा असतो. त्या बाकीच्यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

एके काळी अकरावीची मॅट्रिक पास झालेला पोरगा म्हणजे गावाचे भूषण असे. आता तो काळ राहिलेला नाही. २०२५ साली राज्यातून सुमारे १४ लाख मुले-मुली बारावीला बसली आणि निकाल ९१.८८ टक्के लागला. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव-ब्याण्णव पास. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जिथे तेरा लाख पास होतात तिथे नुसत्या पास होण्याने वाट उघडत नाही. खरी परीक्षा निकालानंतर सुरू होते, आणि ती पोराची कमी, बापाची जास्त असते.

ही परीक्षा आपण कशी देतो ते पाहा. शेजारच्याचा मुलगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून आपलाही घालायचा. पाहुण्यांनी सांगितले म्हणून परराज्यातले कॉलेज बघायचे. कुणी एजंट दारात येतो, 'सीट शिल्लक आहे, आज पैसे भरले तर मिळेल' म्हणतो, की आपण सोसायटीच्या नाहीतर सावकाराच्या दारात. उसाला खताचा डोस टाकताना आपण फिल्डमनला दोनदा विचारतो, माती तपासून घेतो. मग पोराच्या आयुष्याचा डोस शेजाऱ्याच्या रानाकडे बघून का टाकावा? आणि ज्याला शिकायचे आहे त्या पोराला शेवटी तरी कुणी विचारतो का?

आता पैशाचा हिशेब करू, कारण तो आपल्याला कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला तीन हजार आले असे धरले, तर वर्षाला लाखभर फी म्हणजे तेहतीस टनांहून जास्त ऊस. एकरी चाळीस टन काढणाऱ्याचा जवळजवळ अख्खा एकर एका वर्षाच्या फीत गेला. खत, पाणी, मशागतीचा खर्च अजून त्यात धरलेला नाही, आणि खानावळ, खोलीभाडे वेगळेच. शिवाय आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. फी मात्र दर बारा महिन्यांनी मागतात. हे गणित ज्याने आधी मांडले नाही त्याला दुसऱ्या वर्षी जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याची पाळी येते.

म्हणून शिकवू नका असे आम्ही म्हणत नाही. नियम माहीत करून घ्या असे म्हणतो. प्रवेशासाठी देणगी घेण्यावर आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे. खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी नियामक प्राधिकरण ठरवून देते. त्यापेक्षा जास्त मागितली तर 'पावती द्या' एवढे म्हणण्याचे धाडस बापाने केले पाहिजे. आणि इंजिनिअरिंग असो की कृषी पदवी, सीईटी द्यावीच लागते. तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच भरायचा असतो. निकालाच्या दिवशी जागा झालेल्याला ती वाट बंद झालेली असते.

मुलींच्या बाबतीत आम्हाला थोडे परखड लिहायचे आहे. २०२५ च्या निकालात मुली ९४.५८ टक्के पास झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. दरवर्षी त्याच पुढे असतात. तरीही घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असला की तो कुणावर खर्च होतो, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. 'पोरगी परक्याचं धन' हे बोलणे आता सोडून द्यावे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, लागू असेल तिथे जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, ही कागदे वेळेवर नसली तर सवलत असूनही हाती काही पडत नाही. तेव्हा तहसीलच्या फेऱ्या निकालानंतर नको, दिवाळीच्या सुटीतच उरका.

ज्यांना पन्नास-साठ टक्के पडले त्यांनी काय करायचे? वाटा पुष्कळ आहेत, पण त्यांना प्रतिष्ठा नाही, ही आपली अडचण. आयटीआय किंवा बारावी सायन्स झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आहे आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे हा रस्ता थोडा वळणाचा असला तरी त्याच गावाला पोचतो आणि खर्च कमी. आपल्याच कारखान्यात बघा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात; बॉयलरवर परवानाधारक अटेंडंट लागतो; प्रयोगशाळेत रसायनशास्त्राची पदवी घेतलेला केमिस्ट लागतो. पदवीनंतर साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञान शिकायचे तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, जी १९७५ साली आपल्यासारख्या कारखान्यांसाठीच उभी राहिली. किती सभासदांनी आपल्या पोराला ती एकदा नेऊन दाखवली आहे?

आणि शेती? जो कुठेच चालला नाही त्याला शेतीत घालायचे, ही रीत आपण पाडली आणि मग शेती परवडत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ चे. को ८६०३२ आणि फुले २६५ या जाती तुमच्या-आमच्या रानात आल्या त्या शिकलेल्या माणसांच्या कामातून. क्षारपड होत चाललेली जमीन, ठिबक, खोडव्यातले पाचट, हुमणी, ही कामे हुशार पोरांची आहेत. शेती ही नापासाची शिक्षा नव्हे.

'शिकून तरी नोकऱ्या कुठं आहेत?' असे सभासद आम्हाला विचारतात. प्रश्न खोटा नाही. पदवीची सुरळी काखेत घेऊन पारावर बसलेली पोरे आम्हीही पाहतो. पण ती बहुधा न विचारता, न पारखता घेतलेल्या पदवीची फळे आहेत. शिक्षणाचा दोष नव्हे, निवडीचा. आणि जो नापास झाला त्याला जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. त्या चार-सहा आठवड्यांत त्याला शिव्या नव्हे, शिकवणी द्या.

एक गोष्ट मनाला लागते ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे ऐन हंगामात. आपला ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून येणाऱ्या टोळ्यांबरोबर त्यांची मुलेही येतात. त्यातली किती बारावीच्या बाकापर्यंत पोचतात? शासनाने २०२१ पासून या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे सुरू केली आहेत. मुकादमाशी उचलीचा करार करताना 'टोळीतली शिकती पोरं गावाकडे वसतिगृहात ठेवली का?' एवढे आपण विचारले तर कारखान्याचे काही बिघडत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा बहुजनांच्या पोरांना शाळाच नव्हती. पुढे अनेक कारखान्यांच्या सभासदांनी उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे कापू दिले आणि शाळा-कॉलेजे उभी केली. १९८३ नंतर विनाअनुदानित तंत्रशिक्षण आले, इमारती वाढल्या. आज इमारत आहे. वाट दाखवणारा माणूस नाही.

म्हणून संचालक मंडळाला आमच्या तीन सूचना आहेत. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक गट कार्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांची आणि पालकांची एक बैठक घ्यावी, तिथे जाणकार प्राध्यापक बोलवावा. निकालानंतर पंधरा दिवस गट कार्यालयात एक माणूस फक्त प्रवेशाची माहिती आणि अर्ज भरण्यासाठी बसवावा. आणि उसाचे जे हप्ते उशिरा निघतात, त्यातला एक प्रवेशाच्या तोंडावर देता येईल का ते पाहावे. या सूचनांना मोठा पैसा लागत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत साखरेच्या भावावर आपण तास-दोन तास बोलूच. त्यातली दहा मिनिटे सभासदांनी या विषयासाठी मागून घ्यावीत. पाल्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवणारे हात तेवढ्यासाठी वर झाले तरी पुष्कळ झाले.