पाचाचे पन्नास, पाचाचा सव्वा

शेवटी निळा लेझर घेतलाच. पॉवर बँकवरच्या माझ्या आधीच्या लेखात ‘खोक्यावरच्या आकड्याला यापुढे भुलणार नाही’ अशी चारचौघांत शपथ घेतलेला मी, खोक्यावर ‘5 वॉट’ वाचून पाघळलो. आत नळी, दोन सेल, चार्जर, एक चष्मा. आणि खोक्याच्या कोपऱ्यात मांजराचं चित्र. होय, मांजर खेळवायला! अर्धा वॉट ओलांडला की लेझर चौथ्या वर्गात जातो. त्यावर पाचवा वर्ग नाही. तिथे भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणंसुद्धा डोळ्यांना महागात पडतं. खोक्यावरचं मांजर मात्र खुशाल उड्या मारतंय.

पाच वॉटचा दावा कागदावरच कोसळतो. असा डायोड घेतलेल्या विजेतला जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाशात बदलतो, बाकीची धग. पाच वॉट प्रकाश हवा तर दहा वॉट उष्णता टॉर्चएवढ्या नळीत कोंबावी लागणार, आणि ती नळी आपण मुठीत धरणार. तरी मित्राचा पॉवर मीटर मागून आणलाच. सुरुवातीला 1.2 वॉट. मिनिटभरात नळी तापली आणि आकडा 0.9 वर आला. नव्वदच्या दशकात ‘1000 वॉट पीएमपीओ’चे डेक ज्यांनी हौसेने घरी आणले, त्यांना मी नवीन काय सांगणार!

मीटर हाताशी होता म्हणून जुना हिरवाही तपासला. गेली नऊ वर्षं आकाशदर्शनाच्या रात्री पोरांना मृग आणि व्याध दाखवणारा हाच तो. त्याच्याही अंगावर पाचच लिहिलेत, पण मिलिवॉट. हिरव्यातून अदृश्य अवरक्त किरणही गळतात, म्हणून ते अडवणारी काच लावून मोजला. पन्नास!

म्हणजे एकाच्या पाचाचे पन्नास आणि दुसऱ्याच्या पाचाचा धड सव्वाही नाही. निळ्यावरचा आकडा गिऱ्हाइकासाठी फुगवलेला, हिरव्यावरचा कस्टमवाल्यांसाठी दाबलेला. पुरावा मागू नका, नऊ वर्षं फसलेल्या माणसाचा संशय आहे. पण अमेरिकेतल्या निस्ट या मापनसंस्थेने 2013 साली 122 पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, त्यातले जवळजवळ 90 टक्के हिरवे नियमात बसले नव्हते. माझा हिरवा एकटा लबाड नाही एवढंच.

खरी गंमत पुढे. रात्री गच्चीवरून, बऱ्याच लांबच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर दोघांचे ठिपके शेजारी शेजारी टाकले. निळा हिरव्याच्या चोवीस पट ताकदीचा, पण उजेड जवळपास सारखाच! आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. 532 च्या हिरव्याला त्याच्या सुमारे 88 टक्के, आणि 450 च्या निळ्याला फक्त चार टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करून पाहा, हिशेब बरोबर जुळतो. म्हणूनच निळावाले ‘अजून थोडा मोठा हवा’ म्हणत राहतात. 2010 मध्ये कॅसिओचे प्रोजेक्टर फोडून हे डायोड काढले जायचे, तेव्हापासूनची ही खोड. पण डोळा ज्या मापाने चमक जोखतो त्या मापाने तो भाजत नाही. डोळ्याच्या पडद्याला प्रकाशरासायनिक इजा सर्वांत जास्त होते ती नेमकी याच निळ्या पट्ट्यात.

ठिपका म्हटलं खरं, पण निळ्याची तिथे आडवी रेघ झाली होती. डायोडचं तोंडच लांबट, त्याला कोण काय करणार? हिरवा गोल तो गोलच. तारे दाखवायला निळा कुचकामी, आणि लोहगाव विमानतळाची विमानं डोक्यावरून जात असताना तो मी वर रोखणारही नाही. उदबत्तीच्या धुरात गच्चीभर आडवा सोडला तेव्हा मात्र झोत हिरव्याहून देखणा होता. अंधाराला सरावलेला डोळा निळ्याला झुकतं माप देतो आणि हवाही निळा प्रकाश जवळजवळ दुप्पट विखुरते.

सोबतचा चष्मा? त्यातून निळा ठिपका आरपार पलीकडच्या भिंतीवर पडला. मी वेगळा नारिंगी चष्मा विकत घेतला. तो लावून हळद कालवलेल्या तेलाच्या बाटलीत कमी ताकदीवर झोत सोडला, तर निळा पूर्ण गायब आणि तेलात नुसती पोपटी रेघ लखलखत होती. पैसे तिथे वसूल झाले.

दुसऱ्याच दिवशी मंडळाचा एक कार्यकर्ता मिरवणुकीसाठी मागायला आला. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली होती, ती आठवण करून दिली आणि मीटरही दाखवला. आकडा बघून तो म्हणाला, “काका, पाचाचा नाही का मग? राहू द्या.”

निळा सेल काढून गोदरेजच्या कपाटात आहे. हिरव्यावरच्या पाचापुढे मी मार्करने शून्य काढलं आहे. आकाशदर्शनाला असाच हिरवा वापरणाऱ्यांनी आणून मोजून घ्यावा, मीटर रविवारपर्यंत माझ्याकडे आहे.