मूळपेशी प्रत्यारोपण कोणाच्या वाट्याला?

रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे लोक ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, हा उपचार आता नवा राहिलेला नाही. आपल्या देशात तो १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाला. चाळीस वर्षे उलटली. हा उपचार आजवर कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न बहुजन समाजाने विचारलाच पाहिजे.

डॉक्टर रुग्णाचे वय पाहतात, हृदय, यकृत, मूत्रपिंड पाहतात आणि केमोथेरपीने रोग आटोक्यात आला की नाही ते पाहतात. या निकषांबद्दल तक्रार नाही. पण रोग आटोक्यात राहण्याचा काळ थोडा असतो आणि त्याच काळात पैसा उभा करावा लागतो. रुग्णाच्याच पेशी वापरल्या तरी खर्च काही लाखांत जातो. दुसऱ्याच्या पेशी घ्याव्या लागल्या तर खासगी रुग्णालयात तो दहा-वीस लाखांच्या घरात पोचतो. ऊसतोड मजूर, सफाई कामगार मदतीचे अर्ज घेऊन दारोदार फिरतो. तोवर रोग उलटतो आणि कालचा पात्र रुग्ण आज अपात्र ठरतो. कागदावर कारण वैद्यकीय लिहिले जाते, खरे कारण दारिद्र्य असते!

आयुष्मान भारत योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. त्यात एवढे मोठे बिल कसे बसणार? शिवाय शहरातले खोलीभाडे, जंतुसंसर्गावरची महाग औषधे आणि बुडालेली मजुरी कोणत्याच बिलात येत नाही.

दुसरा अडथळा जुळणीचा. सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळल्या तर दात्यांच्या नोंदवहीत परका दाता शोधायचा. अमेरिकेच्या नोंदवहीत पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला ७९ टक्के, तर काळ्या रुग्णाला २९ टक्के आहे. आपल्याकडे जातीने प्रत्येक समाजाला लग्नाच्या कुंपणात कोंडले. जातीचे मर्म या जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले होते. त्यामुळे जुळणारा दाता आपल्याच समाजात सापडण्याची शक्यता अधिक. मग आपली माणसे नोंदवहीत नसतील तर आपल्या रुग्णाने जायचे कुठे? अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होते, पण ते आणखी महाग पडते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे कलम ४७ सांगते. म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्यारोपणाची सोय झाली पाहिजे आणि गरीब रुग्णाचा पूर्ण खर्च शासनाने वेळेत उचलला पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आणि आपणही काही करू शकतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण गावोगाव रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मांडवात मूळपेशी दात्यांची नोंदणी ठेवा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना होतो. पुढे जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा हातातून रक्त काढून यंत्राने पेशी वेगळ्या करतात, शस्त्रक्रिया लागत नाही. तरुणांनो, शासनाशी भांडत असतानाच नोंदवहीत आपले नावही लिहा.