मरळीचा फोटो आणि पाण्यातला आपला काळा पाइप



मागच्या रविवारी मरळीचा फोटो टाकला, तेव्हापासून फोन चालू आहेत. गळाला काय लावलं होतं, कुठल्या कडेला सापडली, वजन किती. वजन सव्वादोन किलो. बाकीचं शेवटी सांगतो. आधी त्या दिवशी फोटोत जे आलं नाही ते सांगू द्या. त्यात चूक माझी होती, आणि उजनीच्या काठावर मोटार असलेल्या बऱ्याच जणांनी तीच चूक आज पाण्यात सोडून ठेवली आहे.

आमचं रान फुगवट्याला लागून, इंदापूरच्या बाजूला. ऊस आणि थोडी केळी. होडी अकरा फुटांची, फायबरची, दोन वल्ह्यांची. फुटव्हॉल्व्हला अडकलेली जलपर्णी काढायला म्हणून घेतली होती, गळाचा नाद नंतर लागला. घरात मात्र उलटं सांगतात.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. वारा अजिबात नव्हता. सात वाजायच्या आत बुडालेल्या बाभळीपाशी मरळ लागली. तेव्हाच माघारी फिरायला पाहिजे होतं. पण एक लागली की दुसरी लागेल असं वाटतं, हे गळ धरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. साडेदहा वाजले. मे महिन्यात आपल्याकडे ऊन तापलं की पश्चिमेचा वारा उठतो, आणि उजनीत त्याला अडवायला काही नाही. मैलभर मोकळं पाणी. शेततळ्यात जो वारा नुसती सुरकुती पाडतो, तोच इथं हातभर लाट उभी करतो.

काठ दोनशे फुटांवर आला असेल. तेवढ्यात प्रवासी बोट गेली. माणसं, दोन मोटारसायकली, चांगल्या वेगात. तिच्या लाटा आल्या म्हणून होडीचं तोंड लाटेकडे वळवायला गेलो, तर होडी वळेचना. खाली काहीतरी अडकलं होतं. होडी आडवी राहिली, पहिली लाट काठाला लागली, दुसरी आत आली. अकरा फुटी होडीचा काठ पाण्याच्या वर असतोच किती, जेमतेम एक वीत. बूड टेकून खाली बसलो, डबा घेतला आणि पाणी उपसत राहिलो. उभा राहिलो असतो तर आज हे लिहायला नसतो, हे मी उगाच म्हणत नाही. अंगात जॅकेट नव्हतं. ते घरी, बैलाच्या झुलीशेजारी खुंटीला.

लाटा ओसरल्यावर हात घालून बघितलं. काळा पाइप. ज्यानं कुणी टाकला त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. मग हातानं चाचपत गेलो तर जोडाला निळी पट्टी आणि बाइंडिंगची तार. आमचीच. पाणी मागं सरकलं म्हणून धाकट्या भावानं गुरुवारी दोन नळ्या वाढवल्या होत्या. मला सांगितलंही होतं. मी ऐकून सोडून दिलं.

आता पाइपाचं जरा सविस्तर, कारण हे आपल्यातल्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पीव्हीसीची नळी पाण्यापेक्षा जड, ती तळाला जाऊन बसते. एचडीपीचा काळा पाइप पाण्यापेक्षा किंचित हलका. म्हणजे मोटार चालू असताना, आत गच्च पाणी भरलेलं असतानासुद्धा तो बुडत नाही. पाठ तेवढी पाण्याच्या पातळीला लागलेली, बाकी सगळा खाली. वर थोडी लाट असली की दिसत नाही. पहाटे तर नाहीच नाही. रस्त्यात आडवा दोर बांधावा आणि त्याला रस्त्याचाच रंग द्यावा, तशी गत.

आणि असे किती आहेत? उजनीची एकूण साठवण 117 टीएमसी, त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात. म्हणून तर आपलं धरण ‘मायनस’मध्ये जातं. 2024 च्या उन्हाळ्यात ते जवळपास उणे साठ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तेव्हा प्रत्येकानं काय केलं आठवा. चारी खोदली, मोटार पुढं नेली, पाइप वाढवला, केबल वाढवली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. यात हौस कुणाला नव्हती, ऊस जळत होता. पण पाणी वाढल्यावर सगळेच जण जुन्या नळ्या काढून घेत नाहीत. चिखलात रुतलेली नळी तिथंच राहते, तुटलेली केबल तिथंच. वर पाणी चढलं की विषय संपला असं आपण धरून चालतो.

केबलचं तर बोलायलाच नको. टेप गुंडाळलेला जोड पाण्यात सोडायचा आणि वरून पत्र्याची होडी जाऊ द्यायची. माझी फायबरची आहे. जाळं टाकणाऱ्या बऱ्याच जणांची पत्र्याची असते. जोड पाण्याबाहेर, खांबावर किंवा काठावर घ्यायला पंधरा-वीस फूट केबल जास्त लागते. ती महाग आहे, मान्य.

जलाशयात गर्दी कुणाची, असं विचारलं की आपण लगेच बोट दाखवतो. भिगवण, कुंभारगावकडं रोहित बघायला येणाऱ्यांच्या बोटी. करमाळा-इंदापूर ये-जा करणाऱ्या बोटी. रात्री दिवे न लावता फिरणाऱ्या वाळूच्या बोटी. त्यांचं खरंच आहे, आणि वाळूवाल्यांना तर कोण काय बोलणार. पण पाण्यात कायम पडून राहणारी गर्दी आपली आहे, शेतकऱ्यांची. बोट निघून जाते. पाइप रात्रंदिवस तिथंच असतो.

21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. त्यानंतर प्रवाशांच्या जॅकेटवर बोललं गेलं, बोटींच्या परवान्यावर बोललं गेलं, ते बरोबरच होतं. लहान होडीवर मात्र कुणी बोललं नाही. मोठ्या बोटीत निदान कोण बसलं हे चार माणसांना माहीत असतं. एकटा माणूस पहाटे होडी घेऊन मोटारीकडं गेला, तर तो गेला हे घरी कळायला न्याहारीची वेळ उलटते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपला पाइप पाण्यात जिथं संपतो तिथं, आणि मधे दर दोन नळ्यांना, पांढरा डबा बांधायचा. पाच लिटरचा तेलाचा कॅन, बूच घट्ट. त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतो ती चमकणारी लाल पट्टी एक वीत. खर्च काढला तर चहाच्या आसपास. फक्त तणनाशकाचे, कीटकनाशकाचे रिकामे कॅन वापरू नका. तेच पाणी खाली लोक पितात, आणि धुतलेल्या कॅनातसुद्धा काय राहतं हे इथल्या कृषी सहायक मंडळींनी मला सांगायची गरज नाही. जमत असेल तर पाइपाला दगड बांधून तळाला बसवा, म्हणजे होडी वरून जाईल. पण पाणी उतरलं की तो पुन्हा वर येणार, म्हणून डबा पाहिजेच.

यावर शेजारचे आबा म्हणाले, “डबा बांधला की चोराला मोटार घावली म्हणून समज.” आमच्या काठावर मोटारी आणि केबली जातात, त्यामुळं हे हसण्यावारी नेता येत नाही. पण आबा, चोर पाण्यातून येत नाही. तो डीपीपासून केबल धरत येतो. त्याला आपला डबा लागत नाही, आपल्या होडीवाल्याला लागतो. आबांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. त्यांचा डबा अजून बांधलेला नाही.

मोठ्या बोटवाल्यांना एक विनंती. होडी दिसली की इंजिन हळू करा, नुसतं लांबून जाऊ नका. लाट लांबूनसुद्धा येते. आणि आपण होडीवाल्यांनी त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत गळ टाकून बसायचं नाही. मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

गमबूट घालून होडीत चढू नका, पाणी भरलं की पाय वर येत नाहीत. मे-जूनमध्ये दहाच्या आत काठाला या. दुपारनंतर ईशान्येला काळं दिसायला लागलं तर जाळं, गळ, मासा सगळं सोडून निघा, वळीव वाट बघत नाही. जॅकेट नसेल तर बूच लावलेला रिकामा दहा लिटरचा कॅन दोरीनं कमरेशी बांधा. तो दहा किलो उचलतो, आणि पाण्यात माणूस मुळात हलका झालेला असतो. पण बेशुद्ध माणसाचं तोंड कॅन वर धरत नाही, जॅकेट धरतं. मी खुंटीवरचं काढून होडीतच ठेवलंय. आता अंगात घालतोय. उकडतं.

काल आम्ही दोघा भावांनी आमच्या पाइपाला सात डबे बांधले. गेल्या वर्षीच्या दोन नळ्या चिखलातून काढायच्या राहिल्यात, त्याला ट्रॅक्टर लागणार आहे. पाणी अजून फूटभर उतरलं की काढू.

आता मरळ. गळाला बेडकी, पाठीतून ओवलेली, जिवंत. बाभळीच्या खोडापाशी, जिथं जलपर्णीची कड संपते तिथं, हळूच टाकायची आणि हलवत राहायची. एक पथ्य पाळा. पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं गळ टाकू नका. नर-मादी खाली राखणीला असतात आणि जवळ येईल त्याच्यावर झडप घालतात, म्हणून त्या वेळी मरळ धरणं अगदी सोपं असतं. ती उचलली की पिल्लं चिलापीच्या पोटात. आधीच आपल्या जाळ्यात चिलापीशिवाय दुसरं काय येतं ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा.