आमचा निंजा, त्यांचा कोयता

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागच्या महिन्यात एक फोटो आला. काळ्या टी-शर्टात डोकं खुपसलेलं, बाह्या मागे गाठ मारून बांधलेल्या, गळ्याच्या भोकातून फक्त डोळे दिसतायत. हातात खराट्याचा दांडा. खाली ओळ होती : 'आमचं बालपण निंजाचं, आजच्या पोट्ट्यांचं कोयत्याचं.' पटापट बदाम पडले. मीही एक टाकला. रात्री झोप येईना तेव्हा काढून घेतला.

ते वाक्य खोटं आहे. तुमच्याही एखाद्या ग्रुपवर ते कुठल्या ना कुठल्या रूपात फिरत असेल, म्हणून ते कुणाच्या सोयीचं आहे ते जरा सविस्तर सांगतो.

२००७चा उन्हाळा. आम्ही प्रताप नगरात राहायचो. नागपूरचा हा भाग म्हणजे ले-आऊट पाडून वसलेली नोकरदारांची घरं, फाटकावर नावाची पाटी, अंगणात कडुनिंब नाहीतर पेरू, आणि तेव्हा अधूनमधून अजून रिकामे असलेले प्लॉट. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर पडायची सोय नव्हती, ऊनच तसं. त्या सहा तासांत केबलवर हिंदीतला निंजा हातोरी, पॉवर रेंजर्स, दुपारी कुठल्या तरी चॅनेलवर ब्रूस ली. पाच वाजले की आम्ही सहा जण रिकाम्या प्लॉटवर, शस्त्रांसकट.

शस्त्रांचं आमचं खातं मोठं होतं. पुसायच्या काठीचे दोन तुकडे आणि मध्ये सायकलची जुनी चेन : नानचाकू. स्वतःच्याच कोपरावर बसला की डोळ्यांत पाणी. पीव्हीसी पाइपाची फुंकणी, त्यात कागदाचे बाण. जुन्या सीड्या फेकून पाहिल्या, पण त्या वाऱ्यावर भरकटायच्या. खरी हवी होती ती चांदणी. चार टोकांची, लोखंडी, फेकली की कडुनिंबाच्या खोडात रुतून बसणारी.

ती आम्हाला मिळाली कूलरच्या दुकानात. नागपुरात मार्च लागला की कूलरवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. चौकाकडे जाताना असंच एक दुकान होतं, तिथे आमच्याच वयाचा एक पोरगा कामाला होता. वाळ्याच्या ताट्या बदलायचा, टाक्या घासायचा, पत्रा कापायचा. सगळे त्याला छोटू म्हणत, आम्हीही. वहीच्या पानावर मी चांदणी काढून दिली, तर त्यानं उरलेल्या पत्र्यातून ती कातरीनं कापली, कानशीनं कडा घासल्या, मधोमध भोकसुद्धा पाडलं. पाच रुपयाला एक. आम्ही सहा घेतल्या. त्यानं एक स्वतःसाठी केली होती, आमच्यापेक्षा कितीतरी बरी. संध्याकाळी येतो म्हणाला फेकायला. आम्ही त्याला घेतलं नाही. टीम पूर्ण आहे, असं सांगितलं.

चौथ्या दिवशी मी फेकलेली चांदणी खोडाला आपटून उलटली आणि मित्राच्या भुवईवर बसली. तीन टाके. डोळा थोडक्यात वाचला.

घरी विचारलं, ही वस्तू आली कुठून? आम्ही सहाही जण एका सुरात म्हणालो, दुकानातल्या पोरानं दिली. बनवून मागितली, पैसे मोजले, चित्र मी काढलं, यातलं काहीच बोललो नाही. दोघा-तिघांचे बाबा दुकानात गेले, मागे आम्ही. मालकानं आमच्यासमोर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. 'ही वस्तीतली पोरं अशीच,' कुणीतरी म्हणालं. आमची शिक्षा : आठ दिवस टीव्ही बंद.

हा किस्सा आम्ही आजही सांगतो. लग्नात, गेट-टुगेदरमध्ये. टाक्यांवर हसतो. त्यात छोटू येत नाही. इतक्या वर्षांत कुणीच त्याला त्यात घेतलेलं मी ऐकलेलं नाही, आणि किस्सा बहुतेक वेळा सांगणारा मीच असतो.

म्हणून मला या 'निरागस बालपणा'ची चीड येते. आम्ही निरागस नव्हतो, आम्हाला फक्त पत्ता बरा मिळाला होता. धारदार पत्रा आमच्या हातात होता तोवर तो खेळ होता. त्याच्या हातात गेला की त्याचं हत्यार झालं.

आता कोयत्याकडे येऊ. २०२२-२३पासून पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द असा रुळला की कोयता म्हणजे मुळात ऊस तोडायचं अवजार, हे शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. बीडकडून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायचंच एकक आहे ते. आणि आम्ही ज्या जपानी हत्यारांवर जीव टाकत होतो त्यांतलं कामा काय आहे? विळा. ओकिनावाच्या शेतातला भात कापायचा विळा. तोच सिनेमात गरगर फिरला की मार्शल आर्ट, नि आपल्याकडच्या मजुराच्या पोराच्या हातात आपला कोयता दिसला की आपण पोलिसांचा नंबर शोधतो. कोयत्यानं लोकांवर वार झालेत, माणसं मेलीत, ते मी झाकत नाही. पण 'आजची पोरं' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं ती सगळीच्या सगळी वार करणारी नाहीत. बरीचशी रील करणारी आहेत. हत्यार हातात धरून आरशात स्वतःला मोठं बघणारी. आम्ही दुसरं काय करत होतो?

फरक पुढे पडतो. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला की आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. व्हावाच, मला त्यात गैर वाटत नाही. पण त्यानंतर 'भाईगिरी उतरवली' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, कान धरून, हात जोडून, कधी गुडघ्यांवर बसवून माफी मागणाऱ्या पोरांचे, त्यांत अठराच्या आतली किती असतात ते चेहऱ्यावर मिसरूड शोधून बघा. बाल न्याय कायदा, २०१५ : कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. आपण ते व्हिडिओ फॉरवर्ड करतो, वर हसण्याच्या स्मायल्या टाकतो, आणि त्याच ग्रुपवर खाली निंजाचा फोटो येतो.

निंजाबद्दलही एक सांगून टाकतो, कारण आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हातोरीच्या मूळ मांगात, म्हणजे १९६४ साली फुजिको फुजिओ यांनी सुरू केलेल्या चित्रकथेत, हातोरी इगाचा आणि त्याचा वैरी कोगाचा. ही दोन्ही नावं खरी आहेत. जपानमधले शेजारशेजारचे डोंगराळ मुलूख, तिथली माणसं हेरगिरीसाठी ओळखली जात. १५८१ मध्ये ओदा नोबुनागानं प्रचंड फौज घालून इगा बेचिराख केलं. पुढे १६७६ मध्ये 'बानसेनशुकाई' नावाचा या विद्येचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात हत्यारं, स्फोटकं आहेतच, पण सुरुवातीला लांबलचक विवेचन आहे ते मन कसं असावं याचं. खऱ्या हेराचं काम लढायचं नव्हतंच. भिक्षू, फेरीवाला, खेळ करणारा होऊन गावात शिरायचं, पाहायचं, परत येऊन सांगायचं. आपल्याकडे बहिर्जी नाईकांविषयी सांगतात तेही वेषांतराचंच. तो काळा पोशाख तर नाटकातून आला, असं अभ्यासक मानतात. काबुकीच्या रंगमंचावर सामान हलवणारी माणसं काळ्या कपड्यांत असत, प्रेक्षकांनी त्यांना पाहायचं नाही असा संकेत. म्हणजे ज्याला न पाहण्याचं ठरलेलं आहे अशा कामगाराचा तो गणवेश. आम्ही तो घालून प्लॉटवर ओरडत फिरत होतो.

दहावीच्या आधी कधीतरी आमची सहल कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेली होती. नाव ऐकून आम्ही रात्रभर झोपलो नव्हतो. जपानच्या मदतीनं बांधलेलं, १९९९ मध्ये उघडलेलं ते बुद्धविहार. आत चंदनाची बुद्धमूर्ती आणि शांतता. एक तलवार नाही. इतका जपान पंधरा-वीस किलोमीटरवर होता, आणि आम्ही बसमध्ये परतताना तोंडं पाडून बसलो होतो.

आणि मोठ्यांचं काय? २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. २०२५ मध्ये वाघनखं आपल्या अजब बंगल्यात आली. महाराजांनी वापरली ती हीच याचा पक्का पुरावा नाही, असं ज्यांनी ती उसनी दिली ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयच सांगतं. त्याच वर्षी सरकारनं नागपूरकर भोसल्यांच्या, पहिल्या रघुजींच्या नावाची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाखांवर रुपये मोजून घेतली. मला यातल्या कशाचाच राग नाही, तलवार घरी आली हे उत्तमच झालं. मी सांगतोय ते एवढंच की पात्याकडे बघून छाती फुगणं हा काही वस्तीतल्या पोरांना झालेला नवा रोग नव्हे. काचेमागे तीच गोष्ट वारसा असते. दांडपट्टा फिरवायला मात्र वर्षं लागतात, मनगट आणि डोकं दोन्ही ताब्यात लागतं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत तो शिकवतात. आमच्या वस्त्यांतल्या किती पोरांना तो शिकवणारा माणूस भेटतो?

मित्र म्हणतील, मग काय पोरांनी लुटुपुटूची लढाई खेळूच नये? खेळावी की. १९९०च्या आसपास ब्रिटनमध्ये घाबरून निंजा टर्टल्सच्या नावातला 'निंजा' शब्दच काढून तिथे 'हीरो' घातला होता. असला मूर्खपणा मला नको आहे. माझा भाचा आठ वर्षांचा आहे, त्याला प्लास्टिकचा कताना मीच आणून दिला. माझं भांडण त्या फोटोखालच्या ओळीशी आहे. ती ओळ लिहिणाऱ्याच्या भुवईत तीन टाक्यांची खूण आहे, आणि ती मी केलेली आहे.

त्याला मी वेगळा मेसेज केला : छोटू आठवतो का? बराच वेळ 'टायपिंग' दिसलं, थांबलं, परत दिसलं. मग आलं, 'कोण बे?'

कूलरच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गेल्या आठवड्यात तिथे उभा राहिलो. काउंटरवरच्या पोराला विचारलं, आधी इथे काय होतं. त्याला माहीत नव्हतं. काय पाहिजे, म्हणाला. मी एक स्क्रीनगार्ड लावून घेतलं. त्यानं हवेचा एकही बुडबुडा राहू दिला नाही. बारा-तेरा वर्षांचा असेल. नाव मी विचारलं, त्यानं मालकाकडे बघितलं.