ब्रेकचीही नाडी पाहावी

‘काही त्रास होत नव्हता, म्हणून आलो नाही, डॉक्टर,’ असे रक्तदाबाचा रुग्ण म्हणाला की मला राग येतो. मात्र तसे रागावण्याचा अधिकार मी दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटात गमावला.

पत्नी आणि वृद्ध आईसह बेळगावहून साखळीकडे उतरत होतो. निष्काळजीपणे मी सारा उतारभर ब्रेकवर पाय ठेवून होतो. अर्धा घाट संपतो न संपतो तोच जळका वास आला आणि पेडल स्पंजासारखे मऊ होऊन जवळजवळ तळाला टेकले. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या कडेला गाडी कशीबशी थांबवली. आईने फक्त ‘पोचलो का रे?’ एवढेच विचारले. अर्ध्या तासाने पेडल जणू काही घडलेच नाही असे पूर्ववत झाले!

साखळीच्या मेकॅनिकने चाक उतरवून दाखवले. पॅडचे अस्तर जेमतेम २ मिलिमीटर उरले होते. नवे साधारण १० मिलिमीटरचे असते आणि ३ वर आले की बदलायचे. ब्रेक ऑइल तर काढ्यासारखे काळे झाले होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या ‘डॉट ४’ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. सिरिंजमध्ये हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर काय होते, हे आपणा वैद्यकीय मंडळींना वेगळे सांगायला नको. म्हणूनच बहुतेक गाड्यांत हे ऑइल दोन वर्षांनी बदलावे लागते. माझे चार वर्षांत बदलले गेले नव्हते.

आणि तरीही सर्व्हिसच्या पुस्तिकेत तीनच महिन्यांपूर्वीचा ‘ब्रेक तपासले’ हा शिक्का होता. माझे स्पष्ट मत असे, की चाक उतरवल्यावाचून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. स्टेथोस्कोप न लावता ‘छाती स्वच्छ’ लिहिण्यासारखे ते आहे. आपण समोर उभे राहून पॅड पाहावेत. ड्रायव्हरवर सोपवून मोकळे होऊ नये. माझ्या ड्रायव्हरने महिन्यापूर्वी कमी झालेले ऑइल प्रामाणिकपणे भरले होते. पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मी विचारले नाही. निदान न करता ताप उतरवला, इतकेच.

ब्रेक दाबताच येणारी बारीक किंचाळी दुर्लक्षू नये. पुष्कळ गाड्यांत पॅडला त्यासाठीच धातूची पट्टी बसवलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर उशीर झालाच म्हणून समजावे. गाडी एका बाजूला ओढली जाणे, स्टिअरिंग थरथरणे ही लक्षणेही तितकीच बोलकी आहेत. मात्र बेळगावच्या पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखरते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज. त्याने घाबरू नये. जोरात ब्रेक मारताना एबीएसमुळे पेडल पायाखाली धडधडते, तोही आजार नव्हे.

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे काही सन्मित्र आपल्यातच आहेत. ब्रेकला जोर देणारी निर्वात पोकळी इंजिनच्या बळावर टिकते; ते बंद केल्यावर दोन-तीन दाबांतच पेडल दगडासारखे घट्ट होते. त्यांच्या गाडीत मी बसत नाही, हे येथे जाहीर करतो.

आपल्या संस्थेच्या गोव्याच्या सहलीआधीच्या रविवारी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बोलावून सर्व गाड्यांची चाके उतरवून पाहावीत, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीस दिली आहे. त्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. माझी गाडी रांगेत पहिली असेल.