नाकाचं यंत्र घेण्याआधी एक पट्टा कोरा ठेवा

सोयाबीनची मळणी असो की तुरीची, मशीनपुढे अर्धा तास उभं राहिलं की काहीजणांना सटासट शिंका सुरू होतात. नाकाला धार लागते, रात्री नाक चोंदतं, सकाळी डोकं जड. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'सर्दीच आहे, जाईल.' पण जी महिनोन्‌महिने हटत नाही, ती साधी सर्दी नव्हे. भुसा, धूळ, बुरशी किंवा बांधावरच्या गाजर गवताचे परागकण यांची ती ऍलर्जी असू शकते.

अशा कंटाळलेल्या माणसाच्या मोबाइलवर आता जाहिरात येते. हातात मावणारं यंत्र, नाकात घालायचं, लाल दिवा लावायचा आणि म्हणे सायनस मुळापासून जाणार. खाली दहाजणांनी लिहिलेलं असतं, 'मला गुण आला.' पैसे मोजण्याआधी तुम्ही काय पाहायचं?

आधी हे समजून घ्या, की यंत्र म्हटलं म्हणजे सगळी सारखी नसतात. काही फक्त डॉक्टरांच्या हातातली असतात. नाकाच्या मागच्या भागात एक बारीक मज्जातंतू असतो, तो नाकाला सतत पाणी सोडायला लावतो. तो भाग गोठवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळाली. रेडिओ लहरींनी तो भाग तापवणारं दुसरं यंत्र तिथे 2019 मध्ये मंजूर झालं. नाक बधिर करून हे काम दवाखान्यातच होतं. औषधांनी भागत नाही अशा निवडक रुग्णांसाठीच ते आहे. बाजारातून आणून घरी वापरायची ही वस्तू नाही.

या दुसऱ्या यंत्राची अमेरिकेत चाचणी झाली आणि तिचा निकाल 2021 मध्ये छापून आला. काही रुग्णांवर खरे उपचार केले. बाकीच्यांच्या नाकात यंत्र नुसतं घातलं, चालू केलंच नाही, आणि कोणाला काय दिलं हे रुग्णांना सांगितलं नाही. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी 67.5 टक्के लोकांचा त्रास चांगला कमी झाला होता. आणि बंद यंत्रवाल्यांपैकी? त्यांच्यातही 41 टक्के लोकांना तेवढाच गुण आला होता!

यात नवल काही नाही. ऍलर्जी आपोआप कमी-जास्त होते. मळणी संपते, हवा बदलते, मनालाही उभारी येते. तुम्ही नवं टॉनिक फवारता, त्याच आठवड्यात पाऊस पडतो आणि पीक हिरवंगार होतं. मग गुण टॉनिकचा की पावसाचा? म्हणून तर कृषी सहायक सांगतो, एक पट्टा बिनफवारणीचा ठेवा. शेजाऱ्याला गुण आला ही गोष्ट खरी असेल, पण त्याच्याजवळ कोरा पट्टा नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा, 'बंद यंत्राशी तुलना केली होती का?'

लाल दिव्याचं काय? इस्रायलमधल्या एका छोट्या चाचणीत (1997) ऍलर्जीवाल्यांना लाल प्रकाशाने आराम पडला होता. नाकात कोंब वाढलेल्यांना मात्र उपयोग झाला नाही. म्हणजे थोडा आधार आहे, पण 'मुळापासून गायब' म्हणण्याएवढा मुळीच नाही.

कायदा काय सांगतो?

1 एप्रिल 2020 पासून आपल्या देशात सर्व वैद्यकीय उपकरणं 1940 च्या औषध कायद्याखाली आली आहेत. तेव्हा खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक पाहा. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव पाहा. यातलं काहीच नसेल तर खोकं परत करा. पक्की पावती घ्या. फसगत झाली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा, किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. मात्र परवाना आहे म्हणजे रोग बरा होणारच, असा अर्थ काढू नका.

स्वस्तातलं साधन

ऍलर्जीच्या सर्दीत बहुतेकांचं काम मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्प्रेने भागतं. स्प्रेचा गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका. फवारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला करा. चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या वर घेऊ नका, सवय लागून नाक उलट जास्त चोंदतं.

नाक धुण्याची नेती किंवा बाटली स्वस्त आहे, पण पाणी सांभाळा. विहिरीचं, शेततळ्याचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदूत अमिबा शिरून दगावले. केरळातही 2024 आणि 2025 मध्ये अमिबाच्या मेंदूज्वराने बळी घेतले. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, नाकातून गेल्याने होतो. पाणी खळाळून उकळा, कोमट होऊ द्या आणि लिटरला 9 ग्रॅम मीठ घाला. भांडं रोज धुऊन वाळवा.

एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, एकच बाजू कायम बंद असेल, डोळ्याभोवती सूज असेल किंवा नजर कमी होत असेल, तर यंत्र-स्प्रे बाजूला ठेवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणं आहे. गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटायचा एक दिवस ठरवा, आणि मळणीवर तोंडा-नाकाला फडकं बांधायची सवय लावा. मूळ बांधावर तसंच ठेवून नाकात दिवे लावत बसलो, तर दरसाल मळणीला शिंका येतच राहणार.