गुडघा वाकला, तोलाचे काय?

बेंगळुरूतले पदपथ पुष्कळ ठिकाणी गटारांवर टाकलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्यांचे आहेत. एखादी लादी उचललेली, पुढची डुगडुगणारी, आणि पदपथ संपतो तिथली पायरी चांगली वीतभर उंच. गुडघा बदललेला सत्तरीचा माणूस दवाखान्याच्या सपाट फरशीवरचे धडे संपवून चालायला लागतो तो अशा रस्त्यावर.

तरीही त्याच्या कागदावर ठळक आकडा असतो तो गुडघा किती अंशांत वाकतो याचाच. ११० अंश झाले की घरचे समाधानी, सर्जन समाधानी, आणि फिजिओथेरपी बहुधा तिथेच थांबते. तोल कुणी मोजलेलाच नसतो.

सांधा बदलल्याने वेदना जाते, तोल आपोआप परत येत नाही. सांध्याच्या स्थितीची जाणीव संधिवाताने आधीच बोथट झालेली असते. बहुतेक रोपणांत पुढचा क्रूसबंध काढावा लागतो, त्याबरोबर त्यातली संवेदनाग्रेही जातात. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने अशक्त राहतो. शिवाय दुखरा पाय वाचवत चालण्याची वर्षानुवर्षांची सवय असतेच. दोन साधे वजनकाटे शेजारी ठेवून रुग्णाला एकेका काट्यावर एकेक पाय ठेवायला सांगितले, की भार कुठे झुकतो ते लगेच दिसते.

ज्या पायावर तो झुकतो, तोही अनेकदा झिजलेला असतो. अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये बदलला, उजवा जून २००१ मध्ये. एक गुडघा नवा, एक जुना, ही मधली अवस्था त्यांच्या वाट्याला आठ महिने आली. कित्येक रुग्ण ती वर्षानुवर्षे काढतात.

खर्चाचे म्हणाल, तर रोपणांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तोलाच्या चाचण्यांना तर खर्चच नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसण्याची चाचणी १९९१ पासून वापरात आहे. तिला खुर्ची आणि घड्याळ पुरते. तोल मोजण्याच्या बर्ग मापनश्रेणीत १४ कृती, एकूण गुण ५६.

सरावही क्रमाने वाढवता येतो: आधाराला धरून भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, आडवी पावले, एका रेषेत चालणे, एका पायावर उभे राहणे, मग फोमची गादी, मान वळवत चालणे, बोलत चालणे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना हा क्रम सावकाश, आणि जवळ माणूस ठेवूनच.

फिजिओथेरपिस्टनी डिस्चार्जच्या कागदावर अंशांशेजारी एका पायावर उभे राहण्याचे सेकंदही लिहावेत, आणि शेवटचे एक सत्र रुग्णाच्या घरासमोरच्या पदपथावर घ्यावे.